नवरा फ्रेंच आहे, मग व्हिझा अडतो कुठे?

या वेळी पत्रं जवळजवळ एकाच विषयावरची आली म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. मी स्वतः २०१३ मध्ये याच रांगेत उभी होते, लग्न पुण्यात झालं, नवरा लियाँला परत गेला आणि मी आईकडे भरलेल्या बॅगा कपाटावर ठेवून पाच महिने काढले. त्या दिवसांत रोज कुणीतरी नवीन सल्ला द्यायचं आणि त्यातला निम्मा चुकीचा असायचा. त्यामुळे मी खाली जे लिहिलंय ते शांतपणे वाचा, गरज पडली तर नवऱ्याला किंवा बायकोला बसवून वाचून दाखवा, कारण यातली बरीच कामं फ्रेंच माणसानेच करायची असतात आणि नेमकं तेच त्याला माहीत नसतं.

प्रश्न : ताई, माझं लग्न फेब्रुवारीत पुण्यात स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली झालं. नवरा तुलूझचा आहे, लग्नानंतर तीन आठवड्यांनी तो परत गेला. लग्नाआधी फ्रेंच कॉन्सुलेटला काही कळवायचं असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. आता व्हिझासाठी विचारलं तर म्हणतात फ्रेंच मॅरेज सर्टिफिकेट आणा. माझं सर्टिफिकेट सरकारी आहे, ते चालत नाही का? एक एजंट म्हणतो टूरिस्ट व्हिझावर जा, तिथे गेल्यावर कन्व्हर्ट होतो. सासूबाईपण म्हणतायत ये लवकर. मी काय करू?
– एक वाचक, सांगली

अगं, तुझं लग्न पूर्णपणे कायदेशीर आहे, ती शंका आधी मनातून काढून टाक. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, मॅरेज ऑफिसरसमोर सह्या, सगळं झालंय ना, मग फ्रान्ससुद्धा ते लग्न मानतं. पण मानणं वेगळं आणि त्यांच्या रजिस्टरमध्ये चढणं वेगळं. तुझ्या नवऱ्याच्या देशाच्या वहीत हे लग्न अजून लिहिलेलंच नाही, आणि ते लिहून घ्यायच्या प्रक्रियेला ते ट्रान्सक्रिप्सिओं म्हणतात. ते झालं की फ्रेंच मॅरेज सर्टिफिकेट मिळतं, सोबत लिव्हरे द फामीय नावाची छोटी पुस्तिका मिळते, आणि व्हिझावाले जे मागतायत ते हेच. म्हणजे तू अर्ज उलट्या टोकाने सुरू केलास, एवढंच झालंय.

आता लग्नाआधी कळवायचं काय असतं तर फ्रेंच माणसाने परदेशात लग्न करण्याआधी कॉन्सुलेटकडून लग्नाला पात्र असल्याचा दाखला घ्यायचा असतो, त्यासाठी दहा दिवस नोटीस लागते, कधी दोघांना मुलाखतीला बोलावतात. तुम्ही तो घेतला नाहीत म्हणून लग्न बाद होत नाही, फक्त जी तपासणी आधी झाली असती ती आता नंतर होणार. तुमची नोटीस आता लावतील आणि दोघांशी बोलायला बोलावतील, बहुतेक वेगवेगळं, त्याच्याशी तिकडे आणि तुझ्याशी इकडे. घाबरू नकोस. कुठे भेटलात, घरच्यांना कधी कळलं, तो काय काम करतो, बोलता कोणत्या भाषेत असे साधे प्रश्न असतात. मला नणंदेच्या मुलांची नावं विचारली होती आणि मी एक विसरले होते, तरी सगळं नीट झालं. पाठ करून जाऊ नकोस. पाठ केलेलं लगेच कळतं. मात्र कॉन्सुलेटला लग्न खरं आहे का याबद्दल शंका आली तर फाइल फ्रान्समधल्या नान्त शहरातल्या सरकारी वकिलाकडे जाते आणि त्याला निर्णयाला सहा महिने असतात, म्हणून पहिल्याच खेपेला फाइल भक्कम दे. भेटीची तिकिटं, दोघांचे वेगवेगळ्या वर्षांतले फोटो, घरच्यांसोबतचे फोटो, हे सगळं तारीखवार लावून ठेव. मागितलं नाही तरी ठेव.

मॅरेज सर्टिफिकेटला अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, करून घे. आधी राज्य सरकारच्या पातळीवर ते तपासून घ्यायचं आणि मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, हा क्रम आहे, मधली पायरी गाळता येत नाही. आणि हात जोडून सांगते, सर्टिफिकेट लॅमिनेट करू नकोस! आपल्याकडे सरकारी कागद हातात आला की पहिलं लॅमिनेशनच्या दुकानात नेतात आणि मग त्यावर ना शिक्का बसतो ना स्टिकर.

एजंटचं म्हणाल तर त्याचं अजिबात ऐकू नकोस. तो जे सांगतोय त्यात थोडंसं सत्य आहे आणि म्हणूनच माणसं फसतात. फ्रेंच कायद्यात अशी सोय आहे खरी, की माणूस कायदेशीर व्हिझावर फ्रान्समध्ये आला, त्याचं लग्न फ्रान्समध्येच झालं आणि तिथे सहा महिने नवरा-बायको एकत्र राहिले तर लाँग स्टे व्हिझा नसतानाही तिथल्या तिथे रेसिडन्स कार्डासाठी अर्ज करता येतो. पण तुझं लग्न पुण्यात झालंय, म्हणजे ही सोय तुला लागूच नाही. टूरिस्ट व्हिझावर नव्वद दिवस राहशील, मग परत यावं लागेल, आणि नाही आलीस तर बेकायदेशीर राहणं तुझ्या नावावर लागेल, ते कशाला. शिवाय फॉर्मवर फिरायला चाललेय असं लिहायचं आणि मनात कायमचं राहायचं, ही सुरुवातच खोटी होते. सासूबाईंना भेटायला थोडे दिवस जायचं असेल तर खरं कारण लिहून शॉर्ट स्टेसाठी अर्ज कर, मी अमुकची बायको आहे, भेटून परत येणार आहे, आमचं ट्रान्सक्रिप्शन चालू आहे. लपवाछपवी नको.

ट्रान्सक्रिप्शन झालं की पुढचं मात्र खरंच सोपं आहे, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये. फ्रेंच नागरिकाच्या नवऱ्या-बायकोचा लाँग स्टे व्हिझा नाकारायचा तर कायद्याने तीनच कारणं आहेत : फसवणूक, लग्न रद्द झालेलं असणं, किंवा सार्वजनिक सुरक्षेला धोका. नवऱ्याचा पगार किती, घर किती मोठं, अशी अट यात नाही. व्हिझाची फी नाही, अर्ज घेणाऱ्या व्हिझा केंद्राची सर्व्हिस फी तेवढी भरावी लागते. फ्रान्स-व्हिझाज या सरकारी पोर्टलवर फॉर्म भरायचा, केंद्राची अपॉइंटमेंट घ्यायची, बोटांचे ठसे द्यायचे. तुला कुणी पगाराच्या स्लिपा आणि घराचे चौरस मीटर सांगत असेल तर ते दुसऱ्याच प्रकाराबद्दल बोलतायत. तिथे काम करणारा भारतीय माणूस कुटुंबाला नेतो तेव्हा ती वेगळी प्रक्रिया असते, त्यात अठरा महिन्यांचं वास्तव्य, उत्पन्न, घर सगळं बघतात. ओळखीतल्या कुणाचा तरी अनुभव ऐकून आपली फाइल बनवायची नाही, आधी विचारायचं की त्यांचा नवरा फ्रेंच नागरिक आहे का.

आणि समजा नकार आलाच तर रडत बसू नकोस, तीस दिवसांच्या आत नान्तच्या अपील कमिशनकडे लेखी दाद मागता येते. हे दिवस पूर्वी दोन महिने होते, २०२३ पासून तीसच आहेत, आणि जुनी माहिती वाचून बरेच जण मुदत घालवतात.

प्रश्न : लग्न ठरलंय, मुलगा फ्रेंच आहे. आईचं म्हणणं लग्न झाल्याबरोबर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावून घे म्हणजे व्हिझाला त्रास नाही. आणखी एक अडचण म्हणजे माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नाहीये, नुसतं आईवडिलांचं नाव, जन्मतारीख आणि स्त्री असं आहे.
– एक वाचक, नाशिक

आईला सांग की घाई करू नका. आपल्याकडे लग्न झालं की मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत तर तांदळात लिहून पहिलं नावही बदलतात, आणि फ्रान्समध्ये याच्या बरोबर उलट आहे. तिथे १७९४ पासूनचा कायदा आहे की माणसाने जन्माच्या नोंदीतलंच नाव लावायचं. लग्नाने नाव बदलत नाही. नवऱ्याचं आडनाव वापरायचा फक्त हक्क मिळतो, त्याला ते वापरातलं नाव म्हणतात आणि ते कार्डावर खालच्या ओळीत येतं, वर कायम माहेरचंच. त्यामुळे तू पासपोर्ट बदललास तर जन्मदाखल्यावर एक, मॅरेज सर्टिफिकेटवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं असं होऊन बसतं आणि मग आयुष्यभर प्रत्येक खिडकीवर या तिन्ही बायका एकच आहेत हे सिद्ध करत फिरायचं. माझ्या ओळखीत एकीचा विमा याच कारणाने आठ महिने लटकला होता. पासपोर्ट आहे तसाच राहू दे, मॅरेज सर्टिफिकेटवरही स्पेलिंग पासपोर्टसारखंच आहे ना ते सही करायच्या आधी अक्षर न् अक्षर बघ, तिथल्या कारकुनाला राग आला तरी चालेल.

मधल्या नावाचं एक सांगते. पासपोर्टमध्ये आपलं पहिलं नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही गिव्हन नेमच्या रकान्यात असतं, त्यामुळे फ्रेंच ऑफिसं वडिलांचं नाव हे आपलंच दुसरं नाव समजतात. माझ्या आरोग्याच्या कार्डावर, बँकेच्या पत्रांवर बाबांचं नाव माझ्या नावाला लागूनच येतं. सुरुवातीला मी ते दुरुस्त करायला निघाले होते. आता बाबा नाहीत, आणि लाइटबिल आलं तरी त्यांचं नाव दिसतं, मी ते कधीच काढणार नाही.

जन्मदाखल्याचं काम मात्र आजच सुरू कर. ज्या नगरपालिकेत किंवा महापालिकेत जन्माची नोंद आहे तिथल्या जन्म-मृत्यू विभागात जाऊन नाव चढवायचा अर्ज करायचा, शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांची ओळखपत्रं सोबत ने. नाव नसलेल्या दाखल्यावर फ्रेंच ऑफिस पुढे सरकत नाही, कारण त्यांच्याकडे सगळं त्या एका कागदावर उभं असतं, आपल्याकडे आधार कार्डाला जे महत्त्व आहे ना त्याच्या दसपट. मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत छापलेला नवा दाखला घे, जुना हाताने लिहिलेला नको.

प्रश्न : ताई, मी पुण्यात आयटीमध्ये आहे, माझा पार्टनर फ्रेंच आहे, आम्ही दोघं पुरुष आहोत. चार वर्षं झाली. घरी आईला माहीत आहे, वडिलांना नाही. आम्हाला लग्न करायचंय आणि मला त्याच्याकडे जायचंय. इथे लग्न होणार नाही हे कळतंय, मग रस्ता कोणता? तो म्हणतो आपण पाक्स करू, म्हणजे लग्न न करता जोडीदार म्हणून फ्रान्समध्ये नोंदणी, ते सोपं असतं.
– एक वाचक, पुणे

तू विश्वासाने लिहिलंस, बरं वाटलं. सरळ मुद्द्यावर येते. आपल्या सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, त्यामुळे इथल्या रजिस्ट्रारकडे नाही आणि इथल्या फ्रेंच कॉन्सुलेटमध्येही तुमचं लग्न लागू शकत नाही. फ्रान्समध्ये २०१३ पासून हे लग्न कायदेशीर आहे आणि तू भारतीय आहेस म्हणून तिथे अडत नाही, काही देशांशी फ्रान्सचे जुने करार आहेत त्यामुळे त्या नागरिकांना अडचण यायची, भारत त्यात नाही.

पाक्सबद्दल तो म्हणतोय ते त्याच्या दृष्टीने बरोबर आहे, तिकडे जोडपी सर्रास करतात, एक सही आणि झालं. पण व्हिझाच्या दृष्टीने पाक्सचा जोडीदार म्हणजे नवरा नव्हे. वर सांगितलेला तो नाकारायला अवघड असलेला व्हिझा फक्त लग्नावर मिळतो. पाक्सवर गेलास तर पुढे तिथल्या प्रेफेक्चरला, म्हणजे रेसिडन्स कार्ड देणाऱ्या सरकारी ऑफिसाला, आमचं नातं खरं आहे, इतकी वर्षं एकत्र राहतोय हे पटवत बसावं लागतं आणि ते त्यांच्या मर्जीवर असतं. तुमचं लग्न करायचं ठरलंच आहे तर लग्नच करा.

मला सगळ्यात स्वच्छ वाटणारा रस्ता असा. तो जिथे राहतो तिथल्या मेरीत, म्हणजे नगरपालिकेत, लग्नाची फाइल द्यायची. तुझा जन्मदाखला सहा महिन्यांच्या आत काढलेला, अपॉस्टिल केलेला आणि कोर्टमान्य भाषांतरकाराने फ्रेंचमध्ये केलेला, अविवाहित असल्याचा पुरावा, बाकी ती मेरी जी यादी देईल ते, प्रत्येक मेरीची यादी थोडी वेगळी असते म्हणून त्याला स्वतः जाऊन छापील यादी आणायला सांग. नोटीस लागली, हरकत आली नाही, की मेरी तसा कागद देते, तो लावून तू लग्नासाठी म्हणून शॉर्ट स्टे व्हिझा मागायचास. कारण लग्न असंच लिहायचं. लग्न करायचं, आणि मग तिथे थांबून सहा महिने मोजत बसण्यापेक्षा परत यायचं आणि इथून नवरा म्हणून लाँग स्टेचा अर्ज करायचा. तुमचं लग्न फ्रान्समध्येच झालेलं असेल म्हणजे ट्रान्सक्रिप्शनची भानगडच नाही, फ्रेंच सर्टिफिकेट हातातच असेल. थांबायचा पर्याय कायद्यात आहे पण तुझा व्हिझा नव्वद दिवसांचा आणि अट सहा महिन्यांची, मधल्या तीन महिन्यांत तू कागदाविना असशील, नोकरी नाही, प्रवास नाही, आणि वडिलांना काही झालं आणि निघालास तर तो सगळा हिशोब मोडणार. विमानाचं तिकीट महाग असतं तरी परत येणं मला जास्त पटतं.

भारतीय पासपोर्टवर जोडीदाराचं नाव येणार नाही, त्याने फ्रेंच व्हिझाला फरक पडत नाही. वडिलांना कधी सांगायचं ते तू ठरव, पण मेरीत लग्न लागतं तेव्हा साक्षीदार लागतात, आईला येता आलं तर बघ. तिचा व्हिझाही तेव्हाच टाक.

प्रश्न : माझा नवरा फ्रेंच आहे पण नोकरी जर्मनीत, स्टुटगार्टला. मी फ्रान्सचा व्हिझा घ्यायचा की जर्मनीचा? जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागेल का?
– एक वाचक, ठाणे

जिथे राहणार तिथला, म्हणजे जर्मनीचा. पण तुमची केस जर्मन माणसाच्या बायकोपेक्षा सोपी आहे बरं का! तुमचा नवरा युरोपियन युनियनचा नागरिक असून दुसऱ्या युनियनच्या देशात काम करतोय, त्यामुळे तुम्हाला युनियनचा मुक्त संचाराचा कायदा लागतो, २००४ चा आहे तो. जर्मन नागरिकाची बायको असतात तर आधी ए-वन पातळीची जर्मन परीक्षा लागली असती, तुम्हाला नाही. व्हिझा मोफत आणि लवकर द्यायचा असं त्यांच्यावर बंधन आहे, तिथे गेल्यावर पाच वर्षांचं कार्ड मिळतं आणि काम करता येतं. अर्जात पहिल्याच ओळीत लिहा की मी युनियनच्या नागरिकाची बायको म्हणून अर्ज करतेय, नाहीतर खिडकीवरचा माणूस नेहमीच्या फॅमिली रियुनियनच्या रांगेत ढकलतो. फ्रान्समध्ये लग्नाची नोंद तरीही करून ठेवा, उद्या मूल झालं की लागेल.

प्रश्न : माझी मुलगी पुढच्या महिन्यात बोर्दोला जातेय, व्हिझा झाला. जावई चांगला वाटतो पण आम्ही त्याला दोनदाच भेटलोय. तिथे तिचं कोणी नाही, भाषा येत नाही. उद्या काही बिनसलं तर तिला हाकलून देतील का? कायम नवऱ्यावरच अवलंबून राहणार का ती? झोप लागत नाही हो.
– एक आई, रत्नागिरी

काकू, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, माझी आईही असंच विचारायची. एकेक सांगते.

मुलीचा व्हिझा हाच पहिल्या वर्षाचा रेसिडन्स परमिट असतो, पण पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो आणि ई-स्टँपचे पैसे भरावे लागतात. हे तिने स्वतः करायचं, स्वतःच्या ईमेलवरून, पासवर्ड तिच्याकडे. जावई कितीही चांगला असो. मग तिला ओफी या सरकारी ऑफिसातून बोलावणं येईल, तिथे भाषेची चाचणी होते आणि गरजेप्रमाणे फ्रेंचचे तास मोफत मिळतात, शेकड्यांनी तास असतात, ते तिने एकही चुकवू नयेत. माझ्या वेळी निघायच्या आधीच चाचणी द्यावी लागायची, ती २०१६ च्या कायद्याने बंद झाली, पण म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नये, आहे त्या महिन्यात जेवढं फ्रेंच शिकता येईल तेवढं शिकू दे. कारण १ जानेवारी २०२६ पासून नियम कडक झालेत, पहिल्या वर्षानंतरच्या मोठ्या मुदतीच्या कार्डाला फ्रेंच भाषेची ए-टू पातळी आणि नागरिकशास्त्राची परीक्षा, दहा वर्षांच्या कार्डाला बी-वन, आणि नागरिकत्वाला बी-टू. नागरिकत्वाचा अर्ज लग्नाला चार वर्षं झाल्यावर करता येतो, आपला देश दोन पासपोर्ट ठेवू देत नाही हे लक्षात ठेवून तिने तेव्हा सावकाश ठरवावं.

अवलंबून राहण्याचं म्हणाल तर तिला पहिल्या दिवसापासून नोकरी करायची परवानगी आहे, वेगळं वर्क परमिट लागत नाही. पोचल्यावर तिचं स्वतःचं बँक खातं उघडायला सांगा, जॉइंट असेल तर असू दे पण एक तिचं. घराच्या भाड्याच्या करारावर आणि लाइटबिलावर तिचंही नाव हवं, हे प्रेमाचं नाही कागदाचं काम आहे, कार्ड रिन्यू करताना एकत्र राहत असल्याचा पुरावा म्हणून तेच लागतं.

आणि बिनसलं तर. साधं पटलं नाही आणि वेगळे झाले तर हे कार्ड अडचणीत येतं, हे खरं आहे, कारण ते एकत्र राहण्यावर दिलेलं असतं. पण नवऱ्याने मारहाण केली, छळ केला आणि त्यामुळे ती घराबाहेर पडली तर कायदा तिच्या बाजूने आहे, तेवढ्या कारणाने तिचं कार्ड काढून घेता येत नाही. हे तिला माहीत असणं फार गरजेचं आहे, कारण मी अशा मुली बघितल्यात ज्या व्हिझा जाईल म्हणून गप्प बसल्या. ३९१९ हा नंबर तिच्या फोनमध्ये आत्ताच सेव्ह करायला सांगा, बायकांवरच्या अत्याचारासाठीचा आहे, मोफत, चोवीस तास. तातडीचं असेल तर ११२. जावयासमोर सांगितलंत तरी चालेल, चांगला माणूस याने दुखावत नाही.

तुम्हाला तिच्याकडे जायचं असेल तर मुलगी आणि जावई त्यांच्या मेरीतून पाहुण्याला घरी ठेवत असल्याचा दाखला काढतात, तो लावून तुम्ही शॉर्ट स्टेचा अर्ज करायचा. पहिल्या सहा महिन्यांत जाऊन या, थंडी सुरू व्हायच्या आत.

आणि एक काम तुमच्यासाठी. तिच्या जन्मदाखल्याच्या, मॅरेज सर्टिफिकेटच्या दोन-दोन अस्सल प्रती काढून एक संच तुमच्या कपाटात ठेवा, आणि पालिकेत तिचं नोंदणीचं पान आणि नंबर एका वहीत लिहून ठेवा. तिकडची ऑफिसं जुना दाखला चालवत नाहीत, ताजा मागतात, आणि तो काढायला शेवटी आईलाच पालिकेत जावं लागतं. माझी आई तीनदा गेली, तिसऱ्या वेळी तिथल्या बाईंनीच विचारलं, लेक कशी आहे तिकडे.